क्रमांक तीन हलत नाही

२८ जून १९४८, सोमवार. सकाळी सात.

निवृत्त होऊन आज एक महिना. निरोपाच्या समारंभात मला काठी दिली. बत्तीस वर्षं निजामाच्या राज्यातल्या हिंगोलीत मुलींच्या शाळेत सदर मुअल्लिमा होते, म्हणजे साध्या भाषेत हेडमिस्ट्रेस. एकदाही भिंतीला टेकले नाही. आणि मला काठी! ती दाराआड उभी केली आहे. तिथंच राहील.

ही वही मराठीत लिहायची. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अगाथा आमच्या डायऱ्या उशीखालून काढून वाचायच्या. मी मराठीत लिहायला लागले तेव्हापासून त्यांना फक्त तारखा कळायच्या. चांगली सवय आहे, मोडायची नाही.

संकल्प: दुपारी झोपायचं नाही. संतराम दुकानदाराशी राजकारणावर बोलायचं नाही. शास्त्रात आपलं नाव राहील असं काहीतरी करायचं.

तिसऱ्याची सुरुवात आजच झाली. पेरूच्या झाडावरची एक काडी चालताना पाहिली.

३० जून.

काडीकिडा. इंग्रजीत त्याला स्टिक इन्सेक्ट म्हणतात, सिस्टर अगाथांच्या कपाटात एक टाचलेला होता. अंग काडीसारखं, पाय काडीसारखे, रंगही काडीचाच. भीती वाटली की पुढचे दोन पाय डोक्यापुढे सरळ ताणतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. वारा नसतानाही मधूनमधून डुलतो, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं फांदीच हलली.

दोन दिवसांत सात सापडले. लोणच्याच्या बरण्या धुऊन त्यांत ठेवले. शेजारच्या खाजा मिया शिंप्याने बरण्यांच्या तोंडावर मलमलीच्या टोप्या शिवून दिल्या, कडेला नाडीसुद्धा घातली. कामाचा माणूस. बरण्यांना एक ते सात क्रमांक दिले.

मंजुळाबाई दूध घालायला आली, बराच वेळ पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, काडीला काहून पानं चारून राहिल्या?"

अशा लोकांसाठीच शास्त्राची गरज आहे.

३ जुलै, शनिवार.

बाजारात भिंतीवर सरकारी इश्तेहार लागलाय. कळमनुरीचा कोणी रामकिशन वकील तुरुंगातून पळाला. स्टेट काँग्रेसवाला, म्हणजे निजामाच्या विरोधातला. वय तीस, डावखुरा, डाव्या भुवईवर जखमेची खूण. संतराम हळूच म्हणाला, पोलिसांच्या हाती लागला तर तुरुंग, रझाकारांच्या हाती लागला तर जिवंत राहायचा नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर आला असता तर दहा पावलांवरून ओळखला असता. मुलींच्या चिठ्ठ्या मी वेणीतून काढल्या आहेत. संतराम खोकत राहिला. त्याने तंबाखू सोडायला हवी.

(दुसरा संकल्प मोडला. इश्तेहार हे राजकारण नव्हे, धरत नाही.)

खाजा मियाची बायको कमरुन्निसा नवा माळी घेऊन आली. देवला नाव. म्हणाली, गरीब आहे, पडवीत झोपेल, बाजारात पाठवू नका, गर्दीची त्याला भीती वाटते. ठेवला. कुंपण वाढलं होतंच.

६ जुलै.

देवलाला काहीही येत नाही. खुरपं लेखणीसारखं धरतो, तेही डाव्या हातात. गुलाबाला आणि हरळीला सारखंच पाणी घालतो. भुवईवर खूण आहे, लहानपणी गाईने ढुशी मारली म्हणतो. खेड्यातल्या लोकांची गुरं बेशिस्त असतात.

एक मात्र आहे. मान खाली घालून तासन्‌तास एका जागी बसतो. कामचुकारपणाचा कळस.

११ जुलै.

माझा सिद्धांत इथे नोंदवून ठेवते, नंतर कोणी चोरला तर तारीख राहील.

लोक समजतात काडीकिडा लपतो. चूक. तो मुळीच लपत नाही. भर उन्हात, उघड्यावर, आपल्या नाकासमोर बसतो. लोक पेरू पाहायला येतात, काड्या पाहायला कोणी येत नाही, म्हणून तो दिसत नाही. त्याचा जीव त्याच्या रंगावर नाही, पाहणाऱ्याच्या मूर्खपणावर तगून आहे.

हे देवलाला वाचून दाखवलं. तो पाण्याची झारी खाली ठेवून ऐकत राहिला, मग म्हणाला, "आन बाई, तुमच्यासारखं पाहणारं असलं तर?"

म्हटलं, मग मेलाच तो.

बिचाऱ्याचा चेहरा पडला. दयाळू आहे.

१७ जुलै.

मोठी घटना. क्रमांक तीनने कात टाकली. उलटा टांगला, पाठ उकलली, आतून आणखी एक लांब काडी निघाली. मग वळून स्वतःची कात खाऊन टाकली. मागच्या आठवड्यात त्याचा एक पाय बरणीच्या तोंडाशी तुटला होता, त्या जागी नवा आलाय, थोडा आखूड. शाळेत मोडलेल्या खुर्चीलाही नवा पाय मला कधी मिळवून देता आला नाही.

शिवाय बरणी पाचच्या तळाशी बारीक बियांसारखं काहीतरी पडलं होतं. मंजुळाबाई केर म्हणून झटकणार होती. अंडी! प्रत्येकाला एक झाकण. काडीकिड्याच्या मादीला अंडी घालायला नर लागत नाही. हे मंजुळाबाईला सांगितलं. तिने पदर तोंडावर घेतला आणि विचारलं, मग तुमी काहून न्हाई घातली? दूधवाली बदलण्याचा विचार करते आहे.

२५ जुलै.

क्रमांक तीन नाहीसा झाला. टोपीची नाडी सैल होती. काल दिवसभर शोधलं. मीच शोधूनही सापडत नाही म्हणजे तो आवारात नसणार, हे उघड आहे. तरी शास्त्रासाठी ठरवलं, उद्या सकाळी मेंदीचं कुंपण बुडापासून शेंड्यापर्यंत फांदी फांदी करून झडती घ्यायची. तसं देवलाला सांगितलं.

दहा मिनिटांत त्यानेच आणून दिला. बरणीतसुद्धा स्वतःच ठेवला, मला हात लावू दिला नाही, म्हणाला दमलाय. पहिल्यांदाच त्याने एखादं काम झटपट केलं. माझ्या शिकवण्याचा परिणाम. कुंपणाची झडती रद्द.

५ ऑगस्ट.

क्रमांक तीनमध्ये आश्चर्यकारक बदल. अकरा दिवस झाले, हललेला नाही. पान खात नाही. डुलतसुद्धा नाही. इतर सहा वारा आल्यावर फसतात, हा फसत नाही. बाकीचे काडीसारखे दिसतात. हा काडीच्या स्वभावापर्यंत पोहोचलाय.

मुंबईच्या एका विद्वान मंडळाला निबंध पाठवायचा ठरवलं आहे.

१३ ऑगस्ट.

निबंध तयार. एकवीस पानं. 'ऑन द परफेक्ट स्टिलनेस ऑफ अ हिंगोली स्पेसिमेन.' देवलाने शीर्षक पाहिलं आणि म्हणाला, बाई, 'परफेक्ट' काढा, शास्त्रवाल्यांना खटकेल. काढलं नाही. माझ्या घरी सहा आठवड्यांत माळ्याला इंग्रजी कळायला लागतं. शाळेत याच कामाला चार वर्षं लागायची.

दुपारी झोप लागली. पावसाळी हवा.

२२ ऑगस्ट, रविवार. सकाळी अकरा.

लिहायला बसताना दौत दोनदा लवंडली. रागाने.

नऊ वाजता पोलीस अमीन, म्हणजे फौजदार, आला, मागे दोन जवान आणि तीन रझाकार. म्हणे कळमनुरीचा वकील जुन्या लष्करी छावणीच्या या भागात असल्याची खबर आहे, घरोघर झडती चालू आहे. जवानांनी लाठ्या कुंपणात खुपसायला सुरुवात केली. कुंपणात! क्रमांक एक आणि चार यांना हवा खायला मी आजच मेंदीवर सोडलं होतं, दोघेही कात टाकायच्या बेतात.

मी दाराआडची काठी घेतली (टेकायला नाही) आणि फाटकात आडवी धरली. इंग्रजीत बोलले. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्याशी इंग्रजीत बोललं की ते आवाज खाली आणतात. सांगितलं, कुंपणाचं एक पान पडलं तर हैदराबादला लिहीन. मग अमीनला ओट्यावर बसवलं आणि कुंपणात काय आहे ते समजावलं. बरणी तीन त्याच्या हातात दिली. त्याने फिरवून पाहिली आणि म्हणाला, ये तो लकडी है. म्हटलं, तेच तर. अर्धा तास सांगितलं. अंड्यांपर्यंत आले तेव्हा रझाकारांतला एक जण फाटकाबाहेर जाऊन बसला.

देवला पेरूखाली झारी घेऊन उभा होता. मूर्खासारखा. हलेना, पळेना, झारीतलं पाणी त्याच्याच पायावर सांडत होतं. अमीनने विचारलं, हा कोण? मला इतका संताप आला, सात आठवड्यांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"हा देवला," मी म्हटलं. "याला खुरपं धरता येत नाही, गवत ओळखता येत नाही, याच्या आईने याला कशाला जन्म दिला तिलाच माहीत. तुम्हाला हवा असेल तर घेऊन जा, माझी कटकट जाईल."

अमीन हसला. म्हणाला, बाई, ठेवा तुमच्याकडेच. आणि गेले सगळे.

आवारात शिरलेला माणूस माझ्या नजरेतून सुटेल, ही कल्पनाच अपमानास्पद आहे.

२३ ऑगस्ट.

देवलाला ताप. रात्रभर कापत होता. क्विनीन दिलं. माळी असून पावसाची सवय नाही. कमरुन्निसा दोनदा येऊन गेली, डोळे सुजलेले. माळ्यासाठी इतकं रडायचं कारण समजलं नाही. मला पाहून माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. वय झालं की बायका हळव्या होतात. मी झाले नाही.

२८ ऑगस्ट.

निबंध रवाना. टपालाचा भरवसा नाही, म्हणून देवलाच्या ओळखीचा एक गाडीवान निजामाच्या सरहद्दीपलीकडे वाशीमला नेणार आहे, तिकडून मुंबई. क्रमांक तीन आगपेटीत कापूस घालून सोबत. देवला फार म्हणाला, किडा नका पाठवू, नुसता निबंध पाठवा. त्याला त्याची माया लागली आहे. समजावलं, शास्त्राला पुरावा लागतो. गाडीवानाबरोबर देवलाने स्वतःचीही बरीच पत्रं दिली. आईला असतील.

१४ सप्टेंबर.

विमानं गेली. बाजार बंद. काय चाललंय ते कोणी धड सांगत नाही. संतरामही गप्प आहे, म्हणजे खरोखरच काहीतरी आहे. पाच क्रमांकाच्या अंड्यांतून पिल्लं निघत आहेत, शेपटीला टरफल घेऊन फिरतात. कामात आहे.

१९ सप्टेंबर, रविवार.

हैदराबाद परवा शरण आलं. भारताची फौज आली आहे. आज बाजारातून मिरवणूक निघाली. ढोल, गुलाल. मी फाटकात उभी होते. पुढे एक माणूस, गळ्यात झेंडूच्या सहा माळा, लोक त्याला रामकिशन वकील, रामकिशन वकील म्हणून ओरडत होते.

माझ्या घरासमोर तो थांबला. मिरवणूकही थांबली. त्याने हात जोडले.

भुवईवर खूण. गाईची.

मला एवढंच सुचलं. "देवला, पाणी घातलंस का?"

"घातलं, बाई," तो म्हणाला. "आज गुलाबालाच घातलं."

ढोल पुन्हा सुरू झाले. मी आत आले. चहा केला, प्यायला नाही.

२० सप्टेंबर.

सगळ्यांना माहीत होतं. मंजुळाबाईला माहीत होतं, ती त्याला जास्तीचं दूध घालत होती. संतरामला माहीत होतं, त्याचा खोकला तंबाखूचा नव्हता. वकिलाने पूर्वी खाजा मियाला दुकानाच्या खटल्यातून सोडवलं होतं, म्हणून त्या नवरा-बायकोनेच त्याला माझ्याकडे आणलं. सापडला असता तर तो गेला असता, त्याच्यामागे ही दोघंही.

कमरुन्निसाला बोलावून विचारलं, एवढ्या गावात माझंच घर का? मला वाटलं होतं म्हणेल, तुमचा दरारा. तिने आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "बाई, बुरा मत मानो. जिसको खुद शक नहीं आता, उसके घर पे किसको शक आता?"

तिला पान दिलं नाही. तिनेही मागितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की मला सांगितलं असतं तरी मी काठी अशीच धरली असती. पण ते सिद्ध करायला आता जागा उरली नाही.

२६ सप्टेंबर.

खाजा मियाचं दुकान तीन दिवस बंद. विचारलं तर कमरुन्निसा म्हणाली, बरं नाही. संतरामकडून कळलं. बाहेरगावचे लोक याद्या घेऊन हिंडत आहेत, रझाकारांना कोणी कोणी मदत केली त्यांच्या. खाजा मियाने त्यांचे गणवेश शिवले. शिवले म्हणजे त्यांनी कापड आणून टाकलं, परवापर्यंत पाहिजे म्हणाले आणि बंदूक टेबलावर ठेवली. परवा इथल्याच गोरेगावकडे एका शिंप्याला घरातून ओढून नेलं, तो परत आला नाही.

म्हटलं, रामकिशन वकिलाला सांगा. संतराम म्हणाला, तो औरंगाबादला गेलाय, पत्र धाडलं आहे. पत्राला पोहोचायला दिवस लागतात, यादीला लागत नाहीत.

४ ऑक्टोबर.

मुंबईचं उत्तर आलं. वाशीमच्याच गाडीवानाने आणून दिलं. जसंच्या तसं उतरवते, कारण मी कशालाच घाबरत नाही.

'आपण पाठवलेला नमुना कीटक नसून तुरीच्या वाळक्या खोडाचा तुकडा आहे. लांबी चार इंच, एका टोकाला विळ्याच्या कापाची खूण. आपलं निरीक्षण मात्र अत्यंत चिकाटीचं आहे.'

तुराटी. चौतीस दिवस मी तुराटीला पानं घातली.

बाहेर गेले आणि मेंदीच्या कुंपणात बुडाशी हात घातला. पत्र्याचा डबा निघाला. रिकामा, पण आतल्या बाजूला शाईचे डाग. म्हणजे त्याचे कागद इथे होते. म्हणून माझी झडती नको होती, म्हणून दहा मिनिटांत क्रमांक तीन. डब्यावर एक वाळकी काडी पडली होती, ती झटकली. झटकली तशी ती चालायला लागली. एक पाय आखूड. माझ्या खुर्चीपासून हे कुंपण चार हात आहे.

मुंबईवाल्यांना उत्तर लिहिणार नाही. काडीवर कापाची खूण असणं म्हणजे ती काडीच, असं त्यांना कोणी सांगितलं?

संध्याकाळी पाच.

हे वरचं वाक्य मूर्खपणाचं आहे. खोडत नाही, राहू दे.

कमरुन्निसा कुंपणापलीकडे उभी होती. काही मागत नव्हती. नुसती उभी होती, हलत नव्हती. मी पुष्कळ वेळ पाहिलं. तिच्याकडे असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

सांगितलं, मला माळी हवा आहे.

८ ऑक्टोबर, शुक्रवार.

परवापासून नवा माळी. नाव देवला. हेच नाव ठेवलं, नव्या नावाने हाक मारायची सवय लावायला मला या वयात वेळ नाही. वय पन्नाशीचं. हनुवटी गालांपेक्षा उजळ आहे, काल-परवापर्यंत तिथे काहीतरी होतं अशी. हे मी पाहिलेलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात परवापासून कोण भाकरी थापतं, तेही नाही. याला काहीही येत नाही, हे मात्र पाहिलं.

दहा वाजता बाहेरगावचे आठ जण आले, हातात कुऱ्हाडी आणि कागद. वाट दाखवायला संतरामला धरून आणलं होतं. पुढारी म्हणाला, खाजा शिंप्याचं घर रिकामं आहे, तुमच्या शेजारीच, कुठे गेला?

काठी घेतली. फाटकात टेकून उभी राहिले. या वेळी टेकूनच.

माळी पेरूखाली झारी घेऊन उभा. पाणी पायावर. सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. पुढारी म्हणाला, "हा कोण?"

मी म्हटलं, "हा देवला. याला खुरपं धरता येत नाही, गवत ओळखता येत नाही, याच्या आईने याला कशाला जन्म दिला तिलाच माहीत."

शब्द तेच होते. आज एकेक शोधून आणावा लागला.

पुढाऱ्याने संतरामला विचारलं, खरं का? संतराम या माणसाकडून वीस वर्षं सदरे शिवून घेतोय. आजही अंगात त्याच्याच हातचा होता. त्याने माळ्याकडे पाहिलं. मग वर झाडाकडे पाहिलं. म्हणाला, "देवलाच हाय. लई दिवसाचा हाय. बाई, औंदा पेरू बरे लागले तुमच्याकडं."

मग मी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि बरणी दाखवली. आत तुराटी ठेवली होती, ताजी. काय दिसतं विचारलं. पुढारी म्हणाला, काडी. म्हटलं, बरोबर. कात टाकण्यापासून सुरुवात केली. अंड्यांपर्यंत आले तेव्हा दोघे उठले. झाकणांपर्यंत आले तेव्हा ओट्यावर फक्त संतराम उरला होता. त्याला रडू येत होतं. तंबाखू सोडायला हवी त्याने.

बत्तीस वर्षं माझ्या नजरेतून काही सुटलं नाही असं मी म्हणत आले. आज दिवसभर डोळे उघडे ठेवले. काही दिसलं नाही.

उद्याचा संकल्प: देवलाला खुरपं धरायला शिकवायचं. सुईसारखं धरतो, लांबून दिसतं.